ओगलेवाडीचा कंदील आणि आपला हिशेब

कृष्णाकाठच्या गतवैभवाबद्दल लिहिण्याची सध्या चांगलीच साथ आली आहे. जुन्या प्रभाकर कंदिलाचा फोटो टाकायचा, 'एकेकाळी आमच्या ओगलेवाडीचा उजेड देशभर पडत होता' असं लिहायचं, खाली पन्नास जणांनी हळहळायचं. मग कुणीतरी लिहितो, 'पण आता कसं शांत, हिरवंगार खोरं आहे आमचं, हीच खरी श्रीमंती.' म्हणजे कारखाना होता तेव्हा अभिमान, आणि तो बंद पडल्यावर समाधान. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची जमीन आहे त्याला हे दोन्ही परवडतं. ज्याच्या घरात जमीनही नव्हती आणि आता कारखान्याचा पगारही नाही, त्याने या शांततेचं काय करायचं?

सातारा-सांगलीच्या औद्योगिक इतिहासावर आंबेडकरी तरुण फारसं बोलत नाहीत. तो इतिहास आपला नाही असं आपणच धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं, की तो आपलाही आहे, आणि त्याचा हिशेब अजून झालेला नाही.

एकच रूळ, दोन इतिहास

पुणे-मिरज लोहमार्गावरची चार ठिकाणं डोळ्यांसमोर आणा. उत्तरेकडून निघालात की सातारा रोड, पुढे मसूर, मग कराड आणि त्यानंतर किर्लोस्करवाडी. यातल्या तीन ठिकाणी महाराष्ट्राच्या उद्योगाचा पाया घातला गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनजवळ लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. 1916 मध्ये ओगले बंधूंनी काचकारखाना काढला आणि त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली. कराडचं रेल्वे स्टेशन आजही कराड शहरात नाही, ओगलेवाडीत आहे. 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला नांगरांचा कारखाना सुरू केला, पुढे तिथे डिझेल इंजिनंही तयार झाली. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.

चौथं स्टेशन मसूर. तिथे कारखाना निघाला नाही. पण आपल्या दृष्टीने या रुळावरचं सगळ्यात मोठं स्टेशन तेच आहे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला भिवा पुढच्याच उन्हाळ्यात, 1901 मध्ये, भावंड आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळात माणसं मरत होती म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचं काम काढलं होतं आणि रामजी त्या कामावर रोखपाल होते. मुलं मसूरला उतरली. नवे कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली, पोरांच्या तोंडून जात बाहेर पडली आणि सगळं बदललं. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे.

ही हकिकत आपण दर जयंतीला सांगतो आणि डोळे पुसतो. पण तिच्यातलं अर्थशास्त्र पाहत नाही. या मुलांकडे भाडं द्यायला पैसा का होता? कारण बाप गावकीच्या कामावर नव्हता, सरकारी पगारावर होता. आणि पैसा असूनही गाडी का मिळेना? कारण जात पैशाला ओळखत नव्हती. पगार माणसाला वतनातून बाहेर काढतो, पण एकटा पगार जात मोडत नाही. या खोऱ्याचा पुढचा सगळा औद्योगिक इतिहास या दोन वाक्यांच्या मधे बसतो.

कारखाना उभा राहतो तो कशावर?

जिद्दीवर, असं आपल्याला शाळेत शिकवतात. लक्ष्मणरावांची जिद्द मी नाकारत नाही. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं असं लोक म्हणत असताना त्यांनी तो गावोगाव विकून दाखवला. पण जिद्द ठेवायलासुद्धा जागा लागते. बेळगावातून बस्तान हलवावं लागलं तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना 32 एकर माळरान आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. ओगल्यांचा कारखानाही औंध संस्थानच्याच आश्रयाने वाढला.

माळ निवडुंगाचा होता, साप-विंचवांचा होता, हे आवर्जून सांगितलं जातं. असेल. पण त्याच काळात याच खोऱ्यातल्या महाराकडे काय होतं? महार वतन. म्हणजे नावाला जमिनीचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी. बाबासाहेब म्हणत होते, हे वतन म्हणजे इनाम नाही, बेडी आहे. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी त्याविरुद्ध विधेयक आणलं. ती बेडी कायद्याने तुटायला 1958 साल उजाडलं. म्हणजे किर्लोस्करवाडी 48 वर्षांची झाली तोवर शेजारच्या गावातला महार कायद्याने वतनाला बांधलेलाच होता.

एकाला जमीन मिळाली ती कारखाना काढायला. दुसऱ्याला मिळाली ती त्याने गाव सोडू नये म्हणून. दोन्ही जमीनच. पण पहिलीतून भांडवल तयार झालं, दुसरीतून वेठ.

याचं एक उदाहरण छापील आहे. 1920 साल. किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याच वर्षी 31 जानेवारीला मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. किर्लोस्करांच्या मासिकाच्या पाठीशी कारखाना होता. ते वाढलं, त्याला 'स्त्री' आणि 'मनोहर' अशी भावंडं झाली, ती मासिकं अनेक दशकं चालली. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी मदत केली, पण पाठीशी उभं राहायला कारखाना नव्हता, आणि ते काही वर्षांतच बंद पडलं. लेखणी दोन्हीकडे होती. भांडवल एकीकडेच होतं. 'तुमच्या लोकांनी काय उभं केलं?' असं कुणी विचारलं, तर हे एक उदाहरण तोंडावर ठेवा.

'पण ते मालक सुधारक होते'

हा आक्षेप येणारच, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. हो, होते. किर्लोस्करवाडीच्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी म्हणून कामावर ठेवलं. त्या काळात हे लहान काम नव्हतं, आणि त्याचं श्रेय द्यायला आपल्याला कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

पण मालकाच्या चांगुलपणावर मिळालेली समता मालकाच्या फाटकापर्यंतच चालते. पाळी संपली, फाटकाबाहेर पाऊल पडलं, की पुन्हा तेच गाव, तोच पाणवठा, तोच वाडा. आणि त्या चांगुलपणाला कायद्याचा आधार नसतो. मालक बदलला, मुलगा आला, कंपनीचे भागधारक आले, की तो बदलू शकतो. म्हणून तर बाबासाहेब उपकाराच्या नव्हे, हक्काच्या मागे लागले. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की, या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण त्यांच्यासमोर होतंच. तुटलेला धागा ओढायला तोंड लावावं लागतं, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. जास्त पगार त्याच खात्यात होता. यंत्र आधुनिक होतं, पण त्याच्यापुढे कुणी उभं राहायचं हे जात ठरवत होती.

मग सरळ प्रश्न विचारू या. काचेच्या भट्टीपुढे कोण उभा होता? ओतकामाच्या खात्यात कोण, आणि हिशेबाच्या टेबलावर कोण? वसाहतीतली खोली कुणाला मिळाली, आणि पाळी संपल्यावर चार मैल चालत कोण जात होता? 'गतवैभव' लिहिणाऱ्यांनी मालकांची चरित्रं लिहिली, यंत्रांची लिहिली. हे प्रश्न विचारले नाहीत.

वाटेगावहून मुंबई का जवळ होती?

अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. लहानगा अण्णा वडिलांसोबत पायी मुंबईला निघाला त्या सुमारास किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी, सातारा रोड हे तिन्ही कारखाने चालू होते. तरीही पोट भरायला मातंगाच्या पोराला घाट उतरून मुंबई गाठावी लागली.

एकट्या अण्णाभाऊंची ही गोष्ट नाही. रत्नागिरीच्या जोडीने साताऱ्यानेच मुंबईच्या गिरण्यांना हात पुरवले. खोऱ्यातले कारखाने हे खोऱ्यातल्या भूमिहीनांना सामावून घेण्याइतके कधीच मोठे नव्हते. बाबासाहेबांनी 1918 मध्येच 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया' या निबंधात हे दुखणं नेमकं ओळखलं होतं. जमिनीचे तुकडे लहान आहेत हा खरा रोग नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं लादलेली आहेत आणि भांडवल नाही, हा रोग आहे. औषध एकच, उद्योगीकरण. शेतीच्या प्रश्नाचं उत्तर शेताबाहेर आहे, हे सांगणारा हा माणूस तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

या कारखान्यांतून वंचितांपर्यंत काही पोहोचलंच नाही असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत गावोगाव हिंडले, नंतर कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत राबले. त्या फिरतीत त्यांनी खेड्यांचं अज्ञान पाहिलं, आणि 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह निघालं. त्याआधी इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलेला ज्ञानदेव घोलप हा मुलगा भाऊरावांनीच कोल्हापूरला शिकायला नेला होता. हेच घोलप पुढे 'मूकनायक'चे संपादक झाले. उद्योगाचा धागा शिक्षणाला जोडला गेला की काय होतं, ते या खोऱ्याने दाखवून दिलं आहे. पण तो धागा एका माणसाने स्वतःच्या पायपिटीने जोडला. तो जोडण्याची व्यवस्था ना कारखान्यात होती, ना संस्थानात.

शांतता कुणाला मानवते?

मग दिवस बदलले. गावोगाव वीज आली, कंदील माळ्यावर गेला. ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, उरलं ते स्टेशनच्या परिसराला चिकटलेलं नाव. मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ज्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही ते साताऱ्याच्या गावांत परतले. ज्याला शेत होतं तो शेतावर परतला. ज्याला नव्हतं तो कशावर परतला? त्याच वाड्यावर, दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर.

म्हणून 'शांत खोरं' या शब्दांचं मला कौतुक नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांच्या स्तुतीचा समाचार घेतला तो उगाच नाही. ज्या औंध संस्थानाने कारखान्यांना जमीन दिली, त्याच संस्थानात 1938-39 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर उभारलेल्या स्वराज्याचा प्रयोग झाला. त्याचं कौतुक आजही होतं. पण बाबासाहेबांनी 1932 मध्येच मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बजावलं होतं की, राखीव प्रतिनिधित्वाशिवाय पंचायतीला अधिकार देणं म्हणजे अस्पृश्यांना गावाच्या हवाली करणं. गाव स्वयंपूर्ण झालं की वरचे सुखी होतात. खालच्याला बाहेरची वाट लागते, आणि ती वाट रेल्वेने, कारखान्याने, शहराने दिली होती.

कुणी म्हणेल, खोरं शांत कुठे आहे, साखर कारखान्यांची धुराडी दिसत नाहीत का? दिसतात ना. पण सहकारी साखर कारखान्याचा उत्पादक सभासद कोण होऊ शकतो? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. सरकारी भागभांडवल, सरकारी हमी, धरणाचं पाणी, हा सगळा पैसा जनतेचा, आणि सभासद मात्र जमीनवाला. भूमिहीनाला या सहकारात जागा आहे ती फडात, कोयता घेऊन. हा नांगराचाच जुना न्याय आहे. नांगर ज्याला जमीन त्याच्याच कामाचा होता, सहकारही तसाच निघाला.

आणि 'उद्योग आले की नदी नासते' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की आम्ही कुणा खाजगी मालकाची धुराडी मागत नाही. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी 1947 मध्ये मांडलेला आराखडा मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीत आणण्याचा होता, तोही संविधानात लिहून, म्हणजे बहुमताला तो मोडता येऊ नये. नदी आणि रोजगार यांतलं एक निवडा असं सांगणारा माणूस नफ्याला हात लावायला तयार नसतो, एवढंच त्यातून कळतं.

मग करायचं काय?

हळहळ पुरे. कामं ठरवू या.

पहिलं काम जमिनीचं. दोन्ही जिल्ह्यांतल्या बंद कारखान्यांची तालुकावार यादी करा. ती जमीन कुणी दिली, कधी दिली, कोणत्या शर्तीवर दिली, आणि आज सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फेरफार काढा. मुंबईत बंद गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 मध्ये विकास नियंत्रण नियम 58 आला. जमिनीचे तीन वाटे ठरले, एक महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये तो नियम पातळ केला आणि जनतेचा वाटा आक्रसला, ती लढाई वेगळी. पण तत्त्व मान्य झालं होतं की, सार्वजनिक कामासाठी मिळालेली जमीन उद्योग बंद पडल्यावर आपोआप प्लॉट पाडायला मोकळी होत नाही. तो नियम मुंबईपुरता राहिला. सातारा-सांगलीच्या बंद कारखान्याला तो का नको? दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक आणि गायरान जमिनींसाठी. आज त्या यादीत बंद कारखान्यांच्या जमिनी घाला.

दुसरं काम भांडवलाचं. 1958 च्या कायद्याने वतन गेलं, पण जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीवर, भोगवटादार वर्ग 2 म्हणून. ती विकायला परवानगी, गहाण ठेवायला अडचण. अशा जमिनी बळकावल्या जाऊ नयेत म्हणून संरक्षण हवंच, पण त्या जमिनीवर स्वतःचा उद्योग काढू पाहणाऱ्या वतनदाराच्या वारसाला बँकेने दारातून परत पाठवावं हे संरक्षण नव्हे. सरकारने स्वतः हमी द्यावी. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून 4 टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात ते कागदावरून खाली किती उतरलं, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. राजाने 1910 मध्ये एकाला जे दिलं, ते लोकशाही सरकारने शंभर वर्षांनी सगळ्यांना द्यावं, एवढीच ही मागणी आहे.

तिसरं काम साक्षीचं, आणि ते सगळ्यात घाईचं. वेल्समधल्या कोळशाच्या खोऱ्यांतल्या खाणी बंद पडल्या, पण खाणकामगारांनी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या वाचनालयांची पुस्तकं आणि त्यांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणं स्वान्झीच्या मायनर्स लायब्ररीत 1973 पासून जपली आहेत. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून लिहून काढला. कृष्णाकाठचा असा इतिहास आपणच लिहायचा आहे. भट्टीपुढे उभे राहिलेले हात आता ऐंशीच्या घरात आहेत. प्रत्येक भीमनगरात, प्रत्येक मातंग वस्तीत जा. मोबाईल सगळ्यांकडे आहे. विचारा: आजोबा, कुठल्या खात्यात होता? किती पगार होता? पाण्याचा माठ एक होता की दोन? युनियनमध्ये तुमचं नाव होतं का? कारखाना बंद झाला तेव्हा हातात काय पडलं? जुने पगारपत्रक, पास, फोटो मिळाले तर त्यांची नक्कल करून ठेवा. पुढच्या जयंतीला डीजेच्या खर्चातला थोडा भाग या कामाला द्या, आणि त्या मंडपात हे आवाज ऐकवा.

ओगलेवाडीचा कंदील देशभर गेला हे खरं आहे. त्या उजेडात कुणाचा चेहरा दिसला आणि कुणाचा अंधारात राहिला, हे लिहिल्याशिवाय त्या कंदिलाचा इतिहास पुरा होत नाही. दुसऱ्यांनी तो लिहावा म्हणून वाट पाहत बसलो, तर आपले म्हातारे जातील आणि गतवैभवाच्या पोस्ट तेवढ्या उरतील.

कामाला लागा. जय भीम!